चिंगीच्या केसांतल्या गाठी कशा सुटल्या

पावसाळा लागला की आमच्या चिंगीच्या, म्हणजे आमच्या शित्झू जातीच्या कुत्रीच्या, कानांमागे, काखेत आणि पट्ट्याखाली केसांचा अक्षरशः नमदा व्हायचा. शित्झूचा गळलेला केस खाली पडत नाही, बाकीच्या केसांतच अडकून बसतो. त्यात दमट हवा, मग गाठ आवळतच जाते.

उपाय सापडला तो क्रम बदलल्यावर. आधी गाठी सोडवायच्या, मगच आंघोळ, कारण पाणी लागून वाळली की गाठ आणखी घट्ट बसते. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळते. कातडीलगतचे केस दोन बोटांत घट्ट धरते, म्हणजे ओढ तिला लागत नाही, आणि स्टीलच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं उकलत जाते. कात्री अजिबात नको! गाठीबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते, ती कधी कापली जाईल कळणारसुद्धा नाही. न सुटणारी गाठ ग्रूमरकडून मशीननेच काढून घ्यावी.

वरवर ब्रश फिरवून भागत नाही. भांग पाडून, थर उचलून, कातडी दिसेपर्यंत विंचरावं लागतं. फिरून आल्यावर पोट-पाय टॉवेलने न घासता टिपते आणि ड्रायरच्या गार हवेवर वाळवते. आता कंगवा कानामागून सरळ उतरतो, तिथली लालीही गेली आहे.