श्रमाच्या बदल्यात सेंद्रिय शेतमाल: वाटा आधी ठरवावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार शहरात राहणाऱ्या कुटुंबाला रसायनांशिवाय पिकवलेले धान्य आणि भाजीपाला हवा असेल, आणि आठवड्यातली एक सकाळ मोकळी काढता येत असेल, तर जवळच्या सेंद्रिय शेतकऱ्याकडे काम करून त्या बदल्यात शेतमालाचा वाटा घेता येतो. सालदाराचा, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचा, व्यवहार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरवण्याची रीत खान्देशाला परिचयाची आहे. इथेही काम सुरू होण्यापूर्वीच सगळे बोलून, शक्यतो लिहून, ठरवावे.

शेत निवडताना शेतकऱ्याकडे पीजीएस-इंडियाचे (शेतकरी गट एकमेकांची शेते तपासतात, त्या सरकारी पद्धतीचे) किंवा अन्य सेंद्रिय प्रमाणपत्र आहे का, ते विचारावे. ते नसेल, तर रासायनिक खते आणि फवारणी कधी बंद केली, हे मोकळेपणाने विचारण्यात काही गैर नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या निकषांनुसार हंगामी पिकांसाठी साधारण दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी तीन वर्षांचा रूपांतरण काळ धरतात. शेजारच्या कपाशीवरची फवारणी वाऱ्याने येते का, बांधावर झाडांची आड आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. माझ्या मते कागदापेक्षा ही पाहणी जास्त सांगून जाते.

आता वाट्याचा प्रश्न. ‘जमेल तेवढे देऊ’ या बोलीवर काम सुरू केल्यास दोन्ही बाजूंच्या मनात अढी बसते. गावात चालू असलेला निंदणीचा रोज धरून तासाचे मोल काढावे, आणि तेवढ्या किमतीचा माल शेतकऱ्याच्या बांधावरच्या दराने घ्यावा. शहरातल्या दुकानाचा दर लावला, तर वाटा उगाच लहान होतो. स्त्री आणि पुरुष दोघांच्या तासाचे मोल सारखेच धरावे. प्रत्येक वेळी वहीत तारीख, तास आणि घेतलेला माल लिहून दोघांनी सही करावी. पावसाळ्यात निंदणीला हात लागतात, पण त्या वेळी शेतात देण्यासारखे फारसे नसते. तेव्हाचे तास जमा ठेवून मूग-उडीद, थंडीत भरताची वांगी आणि पुढे दादर (रब्बी ज्वारी) निघाल्यावर त्यांचा हिशोब करता येतो. पीक बुडाल्यास त्या पिकावर ठेवलेल्या तासांचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. नुकसानीचा काही भार काम करणाऱ्यानेही उचलावा, असे मला मनापासून वाटते, कारण हा वाटा आहे, मजुरी नव्हे.

याच कारणाने, शेतकरी नेहमीच्या मजूर बायांना कमी करून तुम्हाला बोलावत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. जे काम मजुरांअभावी मागे पडते, तेच हाती घ्यावे.

पहिल्या दिवशी बहुधा निंदणीच मिळेल. वांग्याच्या खोडालगतचे तण खुरप्याने न उपटता हाताने काढावे, म्हणजे वरवरच्या मुळ्या तुटत नाहीत. केना उपटून ओल्या सरीत टाकला, तर त्याच्या पेरांना पुन्हा मुळ्या फुटतात. तो गोळा करून शेताबाहेर न्यावा. हराळीचे तुकडेही मागे राहू देऊ नयेत. जीवामृत करायला सांगितले, तर एका एकरासाठी २०० लिटर पाणी, १० किलो ताजे शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, आणि बांधावरची मूठभर माती असे सर्वसाधारण प्रमाण असते. पिंप सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळावे; साधारण दोन दिवसांत ते वापरण्याजोगे होते.

केळीच्या बागेत जुने कपडे घालावेत, कारण चिकाचे डाग धुऊन जात नाहीत. बूट सर्व ऋतूंत हवेत. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालवता लगेच प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावे, म्हणून असे जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवावे. मार्चपासून ऊन चढण्यापूर्वी, सकाळी दहाच्या आत काम आटोपावे.

येणे जमणार नसेल, तर आदल्या संध्याकाळी फोन करावा, कारण तुमच्या भरवशावर शेतकऱ्याने पाणी किंवा तोडणी नियोजित केलेली असते. हंगाम संपल्यावर वही समोर ठेवून उरलेल्या तासांचा हिशोब चुकता करावा आणि पुढच्या हंगामाची बोली त्यानंतरच करावी.