शाळेत समुपदेशक व्हायचंय? मग हे करा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाची मुलगी बारावी झाली की तिची आई विचारते, "ताई, ते काउन्सेलिंगचं कसं असतं?" तर ऐका.

बी.ए.ला मानसशास्त्र घ्या, मग एम.ए. करा. सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत आहेत, ते सोयीचं पडतं. घरबसल्या पदवीच्या नादी लागू नका. २०२५च्या सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत.

इंटर्नशिपमध्ये अंगचोरपणा मात्र नको. माझ्यासमोर पहिल्यांदा सातवीतला एक मुलगा बसला, तेव्हा मी फॉर्म काढून प्रश्नांची सरबत्तीच लावली. तो खोडरबर कुरतडत राहिला. पुढच्या वेळी फॉर्म पिशवीतच ठेवला, दहा मिनिटं गप्प बसले. मग तो म्हणाला, "टीचर, घेर नथी जवुं." म्हणजे घरी जायचं नाही. गुजराती पक्की हवी, ती अशा वेळी.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊ नका. मुलाच्या जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं. एरवी नोंदी कुलपात, आणि स्टाफरूममध्ये चहाबरोबर त्यातलं अवाक्षरही नको.