दादा आत असताना

दादा कच्चा कैदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागायच्या आधीच, तुरुंगात गेला. पहिल्या मुलाखतीला आईचं आधार कार्ड घरी राहिलं, आणि एवढ्या लांब येऊन ती बाहेरच बसली. म्हणून मूळ ओळखपत्र प्रत्येकाने जवळ ठेवा, ई-मुलाकात या तुरुंगातल्या भेटीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करा, मगच एसटीत बसा.

भेटीची मिनिटं रडण्यात जातात. मी प्रश्न लिहूनच न्यायचे: गोळ्या मिळतात का, पुढची तारीख कधी, वकील भेटले का. खर्चाचे पैसे मनीऑर्डरने पाठवा, पावती जपा.

वकिलासाठी दागिने मोडण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हे आम्हाला फार उशिरा कळलं. वकिलांना हेही विचारा, की आपल्या माणसाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटले कसे चालवायचे त्याचा कायदा) कलम ४७९ लागू होतं का: पहिलाच गुन्हा असेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याची लेखी हमी देऊन, सुटकेची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र नाही.

पत्रं लिहा. ती तुरुंगात वाचली जातात, तेव्हा खटल्याबद्दल काही नको. आई पावसाचं लिहिते, म्हशीचं लिहिते. दादा ती सगळी उशाशी ठेवतो.