समाजकार्य की मानसशास्त्र: प्रवेश घेण्यापूर्वी

पदवीला माझा विषय मानसशास्त्र होता आणि पदव्युत्तर शिक्षण मी समाजकार्यात घेतले. "लोकांसाठी काम करायचे आहे, मग कोणती शाखा घेऊ?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आधी दोन मुलांविषयी सांगते.

पदवीच्या शेवटच्या वर्षी नऊ वर्षांच्या एका मुलाची बुद्धिमापन चाचणी चालू असताना मी निरीक्षक म्हणून बसले होते. ठोकळ्यांची नक्षी जुळवताना तो दोनदा थांबला, त्याने डोळे चोळले, आणि वेळ मात्र मोजली जातच होती. एकाग्रता कमी असल्याची नोंद अहवालात झाली आणि ती चुकीची नव्हती. पुढे समाजकार्याच्या क्षेत्रकार्यात अशीच तक्रार असलेल्या एका मुलीच्या घरी गेले, तेव्हा आई रात्रपाळीला जाते आणि तान्ह्या भावाला रात्रभर हीच सांभाळते, हे दारातच कळले. चाचण्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पुरेशी झोप मिळूनही ती मुलगी वाचू शकली नसती, तर अध्ययन अक्षमता आहे का हे तपासायला मला मानसशास्त्रज्ञाकडेच जावे लागले असते. परंतु माझ्या मनात पहिला प्रश्न घराविषयी उमटतो, हे त्या दिवशी मला उमगले.

आधी व्यक्तीची चाचणी घ्यायची की तिचे घर पाहायचे, हा फरक दोन्ही विषयांच्या उगमापासूनचा आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली, तर समाजकार्याचा पाया घालणाऱ्यांपैकी जेन ॲडम्स आणि त्यांच्या सहकारी एलन गेट्स स्टार १८८९ मध्ये शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्तीत राहायला गेल्या.

मानसशास्त्र म्हणजे केवळ मनाच्या गप्पा, असे समजून येणाऱ्यांना संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती जड जातात. समाजकार्यात आठवड्यातील काही दिवस क्षेत्रकार्याचे असतात आणि प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद पर्यवेक्षकापुढे ठेवावी लागते. नोकरीतही अर्ज भरणे, कार्यालयांत पाठपुरावा करणे आणि कायद्याच्या तरतुदी शोधणे यांत बराच वेळ जातो. एका दाखल्यावाचून कुणाची मदत अडली असेल, तर तो मिळवून देणे हेच त्या दिवसाचे खरे काम असते, आणि ते मला मनापासून आवडते.

समुपदेशनाकडे दोन्ही वाटांनी जाता येते. अमेरिकेत परवानाधारक समाजकार्यकर्तेही मानसोपचार देतात. मात्र अनेक देशांत स्वतंत्रपणे मानसोपचार देण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालील अनुभव आणि नोंदणी आवश्यक असते. म्हणून निवडलेल्या अभ्यासक्रमाला आपल्या देशात मान्यता आहे का, हे आधीच तपासावे.

समुपदेशनाच्या सत्रात तुम्हाला बसता येणार नाही, कारण तेथे गोपनीयता पाळावी लागते; पण दोन्ही क्षेत्रांतील व्यक्तींना भेटून त्यांचा कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा गेला, हे तपशिलाने विचारा. घरी आल्यावर आपण वहीत कोणते प्रश्न टिपले ते पाहा आणि प्रवेशअर्ज त्यानंतरच भरा.