पुरात दुकान कसं वाचवायचं: आधी आपल्या उंबऱ्याचा फूट काढा

सांगलीत जुलै लागला की रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे शेंबड्या पोरालाही पाठ. पण ४७ झालं म्हणजे माझ्या दुकानाचं नेमकं काय होणार, हे मला २०१९ पर्यंत माहीत नव्हतं, आणि अजूनही गल्लीत निम्म्या लोकांना माहीत नाही.

आमचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान, कापडपेठेच्या बाजूच्या एका गल्लीत. २००५ ला आत साधारण दोन फूट पाणी आलेलं, वडील सांगायचे तेवढंच. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही हुशारी केली, सगळा माल चार फुटांच्या वर रचला, शटर ओढलं आणि घरी जाऊन निवांत झोपलो. पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. दुकानात साडेसहा फूट. शाळांचा सीझन असल्यामुळे वह्या गच्च भरलेल्या, त्या पाणी पिऊन एवढ्या फुगल्या की लोखंडी रॅक वाकले आणि नंतर माल पहारीनं उपसून काढावा लागला. तेव्हापासून मी एकच सांगतो, मागच्या पुराच्या हिशोबानं माल वर उचलू नका, माल बाहेर काढा, आणि कधी काढायचा ते आकड्यावर ठरवा, धीर सुटल्यावर नाही.

आकडा काढायचा कसा? सोपंय. २०१९ च्या पाण्याची रेघ अजून बऱ्याच भिंतींवर आहे, तुमच्या नसली तर शेजाऱ्याच्या जिन्यात सापडेल. उंबऱ्यापासून त्या रेघेपर्यंत टेप लावा. आमची रेघ साडेसहा फुटांवर, तेव्हाची पातळी साडेसत्तावन्नच्या आसपास, वजा केले की राहिले ५१. म्हणजे पुलाजवळ ५१ झालं की पाणी आमच्या उंबऱ्याला. २०२१ ला पातळी ५५ च्या आसपास गेली तेव्हा आत चार फूट होतं, हिशोब बरोबर बसला. इंचाइंचानं जुळणार नाही, पाणी गटारातून आणि चेंबरमधून उलटं आधीच येतंय, म्हणून एक फूट आपल्या बाजूनं धरा, ५१ ला ५० म्हणा. महापालिकेत किंवा पाटबंधारेच्या ऑफिसात पूररेषेचे नकाशे पण बघायला मिळतात, निळी रेघ म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. पण सांगलीत सोळा वर्षांत तीन महापूर झाले, २००५, २०१९, २०२१, तेव्हा निळ्या रेघेच्या बाहेर आहे म्हणून कुणी हरखून जाऊ नये.

आणि एक लक्षात घ्या, इशारा आणि धोका हे नदीचे आकडे आहेत, तुमच्या दुकानाचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडच्या माणसानं ४५ ची वाट बघितली तर त्याचं सगळं आधीच बुडालेलं असतंय, आणि विश्रामबागेतला माणूस ४५ ऐकून उगाच घाबरतो.

आकडा कळला की दुसरा प्रश्न, वेळ किती आहे. इथं मात्र आपलं नशीब चांगलं, आपल्याकडं पाणी ढगफुटीसारखं अंगावर येत नाही, ते वरून चालत येतंय. कोयना १०५ टीएमसीचं धरण, त्याचं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि मग खाली आपल्याकडं. म्हणून नुसतं सांगलीचं आकाश बघू नका, इथं ऊन पडलेलं असताना पूर चढलाय हे सगळ्यांनी बघितलंय. कोयना, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस आणि कोयनेचा विसर्ग बघा. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले ही बातमी घाबरण्याची नाही, तो वीजनिर्मितीचा विसर्ग. वक्र दरवाजे उघडून हजारांनी सोडायला लागले की कान टवकारायचे. शिवाय वारणा हरिपूरला खालच्या अंगाला मिळते, पंचगंगा पुढं नरसोबावाडीला, त्या दोघी भरून वाहत असल्या की आपल्या पाण्याला फूग येते, म्हणजे ते मागं तुंबतं आणि ते उतरायचं नाव घेत नाही. खालच्या अंगाच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर चर्चा चौकात बसून वर्षभर करता येते, पाणी चढायला लागल्यावर तेवढी नको.

दर तीन तासांनी पातळी वहीत लिहा. समजा ४३ वर आहे आणि तासाला ४ इंच चढतंय, तर ५१ ला जायला २४ तास. तासाला ८ इंच असेल तर १२ च. एवढा हिशोब शाळेतल्या पोराला येतो पण त्या दिवशी कुणी करत नाही, सगळे पुलावर फोटो काढत असतात. मोबाईलवर आपत्ती प्राधिकरणाचं सचेत ॲप घ्या, केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया घ्या, हवामान खात्याचा नारिंगी आणि लाल इशारा बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारं "धरण फुटलं" ऐकून पळू नका, आधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन लावा.

आता आमचं वेळापत्रक सांगतो, तुमच्या आकड्याप्रमाणे मागं-पुढं करा. ३५ फूट आणि वर पाऊस चालू, की टेम्पोवाल्याला फोन. हा टेम्पो मे महिन्यातच ठरवून ठेवायचा, भाडं पण तेव्हाच बोलून घ्यायचं, कारण ४२ झालं की गावात टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर तिप्पट भाडं सांगतो, त्याचं पण बरोबर आहे, त्याचं घर पण कुठंतरी बुडत असतंय. जागा पण आधीच बघायची, आम्ही तीन दुकानदारांनी मिळून कुपवाडला ओळखीच्या एकाच्या शेडमध्ये कोपरा धरून ठेवलाय, पूर आला तरच भाडं द्यायचं. ४० ला पहिली खेप, ४५ ला दुकान रिकामं आणि मेन स्विच बंद. ५१ पर्यंत थांबायचं नाही, कारण आपला उंबरा कोरडा असला तरी गल्लीच्या तोंडाला पाणी असतंय आणि टेम्पो आतच येत नाही. आपल्या दुकानाचा आकडा एक आणि रस्ता बंद व्हायचा आकडा दुसरा, दोन्ही काढा.

आधी काय काढायचं यावरून घरात भांडणं होतात. आमचा क्रम असा आहे: झेरॉक्स मशीन आणि कॉम्प्युटर, मग कागदपत्रं आणि उधारीची वही, मग वह्या आणि कागदाची रिमं. पेनं, कंपास, प्लास्टिकचे डबे शेवटी, राहिले तर राहिले, धुवून विकता येतात. किराणावाल्यानं साखर-पीठ आधी काढावं, तेलाचे बंद डबे नंतर. किंमत बघू नका, पाणी लागल्यावर काय परत उभं राहतं ते बघा. हा क्रम एका कागदावर लिहून शटरच्या आत चिकटवा, कारण त्या दिवशी तुम्ही गावाला असाल आणि दुकानातला पोरगा एकटा असेल.

कागदांचं एक सोपं काम आजच करा. गुमास्ता (दुकानाची नोंदणी), जीएसटी, उद्यम नोंदणी, भाडेकरार, विमा पॉलिसी, खरेदीची बिलं, सगळ्याचे फोटो काढून ड्राइव्हवर टाका, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह दुकानात ठेवायचा नाही. (२०१९ ला माझा गल्ल्यातच होता.) उधारीच्या वहीचे फोटो तर आधी काढा, पूर ओसरल्यावर लोकांची स्मरणशक्ती फार कमी होते.

विम्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जास्त पैसे इथंच बुडतात. २०२१ च्या एप्रिलपासून छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडं आहे, एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असेल त्यांच्यासाठी. पूर त्यात धरलेलाच असतो, तरी कागदावर वाचून घ्या. मुख्य घोळ रकमेचा. माल १० लाखांचा आणि विमा ५ चा काढला, नुकसान ४ लाखांचं झालं, तर ४ नाही, २ लाखच मिळतात, कारण विमाच निम्म्याचा आहे. १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता या पॉलिसीत माफ, त्यापुढं प्रमाणात कापतात. सीझनला माल दुप्पट असतो ना, मग रक्कम जूनच्या मालावर ठरवा, मार्चच्या नाही. बँकेचं सीसी लोन (मालावर मिळणारं कॅश क्रेडिट) असेल तर विमा बँकच काढते आणि आपण निर्धास्त, माझंही तसंच झालं, पॉलिसीवर जुन्या गोडाऊनचा पत्ता होता आणि दुकानाचा नव्हताच. बँकेत जाऊन कॉपी मागा, पत्ता आणि मालाचा प्रकार स्वतः वाचा. अजून एक, नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, हे फार जणांना नंतर कळतं, सीएला आणि एजंटला एकत्र बसवून रक्कम ठरवताना याचा विचार करा.

सरकारी मदत पण मिळते, पण तिच्यावर धंदा उभा राहत नाही. २०२१ ला दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार असं होतं. त्यालाही पंचनामा लागतो, म्हणून चिखल काढायच्या आधी फोटो, व्हिडिओ.

माल झाला, आता माणसं. गल्लीची यादी करा, एक पानाची. कुठल्या घरात एकटे आजी-आजोबा, कुणाला डायलिसिस, कुठं बाळंतीण, कुणाला पोहायला येतं, कुणाकडं दोर आहे. व्हॉट्सॲप ग्रुप एकच आणि पातळी टाकायचा मान एकालाच, नाहीतर बारा जण बारा आकडे टाकतात. गल्लीतल्या दोन-तीन तरुणांना ट्रेनिंगला पाठवा. आपदा मित्र नावाची केंद्राची योजना निघाली, १८ ते ४० वयाच्या स्वयंसेवकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण द्यायची, त्यात पुरातली सुटका, प्रथमोपचार, आणि वर लाइफ जॅकेट, टॉर्च वगैरेचं किट. आता बॅच आहे का आणि कधी ते जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारायचं. एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्या पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, त्यांचे जवान पावसाळ्याआधी गावोगाव प्रात्यक्षिकं करतात, रिकाम्या बाटल्या आणि कॅनपासून तरंगायचं साधन कसं बांधायचं ते पण दाखवतात. व्यापारी संघटनेनं लेखी मागणी केली तर आपल्या पेठेत का होणार नाही?

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देणं, तर प्रत्येक दुकानातल्या एकाला यायलाच पाहिजे, छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर दोन श्वास, आणि पाण्यातून काढलेल्या माणसाला उलटं धरून पोट दाबायचं नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं श्वासनलिकेत जातं. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात चालवावा लागतो.

बोटीचं एक. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं जास्त भरली होती. बोट आली की सगळ्यांना एकदम चढायचं असतं, तेव्हा "पुढच्या खेपेला" म्हणणारा एक खमका माणूस गल्लीनं आधीच ठरवून ठेवायचा. आणि मालासाठी बोटीनं परत दुकानात जायचं नाही. कृष्णेत मगरी आहेत, पुरात त्या वस्तीत येतात, हे काही मी घाबरवायला सांगत नाही, सांगलीत हे सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय.

पाणी उतरल्यावर घाई करू नका. शटर उघडताना काठी आपटा, साप रॅकमागं बसलेले असतात. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, मशीन वाळलं असं वाटलं तरी मेकॅनिकनं उघडून बघितल्याशिवाय प्लग लावायचा नाही. पायात गमबूट, जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी डॉक्टरला विचारून. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकायचा नाही, वास मारला तरी एका बाजूला रचून ठेवा आणि मोजून लिहा. क्लेम उगाच नाकारला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, एकट्याच्या मालकीच्या दुकानाला आणि सूक्ष्म उद्योगाला ती सोय आहे, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

मग रंगकाम. पेंटरला सांगून ठेवा, काउंटरमागच्या भिंतीवरची रेघ पुसायची नाही. आमच्याकडं २०१९ ची आणि २०२१ ची अशा दोन आहेत, गिऱ्हाईक झेरॉक्स होईपर्यंत त्यांच्याकडं बघत बसतंय आणि विचारतं, "तेव्हा किती होतं वो पुलाला?"