फिनलंडला एक्स्चेंजला जाताय? आधी आपलं उपकेंद्र नीट पाहून घ्या

एक्स्चेंजचं, म्हणजे काही महिने परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जायचं, नाव काढलं की मुलींचा पहिला प्रश्न पैशांचा असतो, आणि तो रास्तच आहे. बीएस्सी नर्सिंगची फी भरताना घरच्यांची किती ओढाताण होते, ते ट्यूटर म्हणून मी रोज बघते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

फिनलंडला जाण्याचा आम्हाला जमलेला मार्ग म्हणजे युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस योजना. तिथे विद्यार्थ्याने एकट्याने अर्ज करून भागत नाही. आपलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात करार असावा लागतो आणि निधी तिकडचं विद्यापीठ मागतं. निवड झाली की तिथली ट्यूशन फी माफ, प्रवासाला मदत, आणि राहण्या-जेवण्यासाठी दरमहा ठरलेली रक्कम मिळते. २०२१ ते २०२७ च्या टप्प्यात फिनलंडसाठी ती ९०० युरो आहे. त्यामुळे ‘एक्स्चेंजची सीट मिळवून देतो’ म्हणत लाखभर रुपये मागणारा कुणी भेटला, तर त्याला पहिल्याच दिवशी नाही म्हणा. पैसे मात्र कधीकधी हप्त्याने येतात. पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय हाताशी ठेवूनच निघा.

दुसरं काम कागदाचं. लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये, म्हणजे शिक्षणाच्या लेखी करारात, तिकडे कोणती पोस्टिंग (कोणत्या वॉर्डात किंवा केंद्रात काम शिकायचं), किती क्रेडिट आणि परत आल्यावर इकडे ते कोणत्या विषयात धरले जाणार, हे सगळं लिहिलेलं असतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे क्लिनिकलचे तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. ‘आल्यावर बघू’ या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. प्राचार्यांची सही घेऊन ठेवा.

पोस्टिंग सुरू होण्याआधी लसीकरणाचे दाखले मागतात. भारतातल्या वॉर्डात काम केलेलं असल्याने एमआरएसए (बऱ्याच अँटिबायोटिकांना न जुमानणारा जंतू) आहे का ते बघायला नाकातून, घशातून स्वॅब घेतात. यात अपमान वाटून घेऊ नका, बाहेरच्या देशात वॉर्डात काम करून आलेल्या त्यांच्या स्वतःच्या नर्सनाही ते चुकत नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ सगळं उतरवायचं. कोपराखाली हात मोकळा हवा. युनिफॉर्म हॉस्पिटल देतं आणि तो धुतलाही तिथेच जातो. इन्चार्जला सगळे नावाने हाक मारतात. आपल्या मुलींच्या तोंडून ‘मॅडम’ सुटायला वेळ लागतो, पण एकदा सुटलं की त्या प्रश्न विचारायला लागतात.

पेशंट फिनिश बोलतात, हे विसरू नका. भाषेअभावी मोठ्या वॉर्डात नुसतं बघत उभं राहावं लागतं. म्हणून मी प्रत्येकीला सांगते, पोस्टिंगच्या यादीत नेउवोला नक्की मागून घ्या. ही तिथली माता-बाल आरोग्य केंद्रं. १९२२ साली हेलसिंकीत बालरोगतज्ज्ञ आर्वो युलप्पो यांच्या पुढाकाराने पहिलं सुरू झालं आणि आता ती देशभर आहेत. गरोदरपणापासून मूल शाळेत जाईपर्यंत कुटुंब याच केंद्राच्या नर्सशी बांधलेलं असतं. मी बसले होते त्या तपासणीत नर्सने बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवले, रक्तदाब घेतला आणि मग दारू पिण्याबद्दलचा फॉर्म आईपुढे ठेवला. तसाच एक बाबांपुढेही. दोघांनी तो शांतपणे भरला. माझ्याबरोबरची विद्यार्थिनी बाहेर आल्यावर मला म्हणाली, “मॅडम, आपल्याकडे नवरा ओपीडीच्या दाराबाहेर थांबतो. त्याला आपण कधी काही विचारतच नाही.” हे तिला पुस्तकातून मिळालं नसतं.

तिथे सरकारकडून मिळणारा बाळंतिणीचा खोकाही बघून घ्या. कपडे, पांघरूण, बाळाला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू. १९३८ पासून गरजू आयांना आणि १९४९ पासून सगळ्यांना तो मिळतो, पण गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत तपासणीला आलं पाहिजे, ही अट. आपल्या जननी सुरक्षा योजनेत पैसे दवाखान्यातल्या बाळंतपणाला जोडलेले आहेत, तिथे मदत लवकरच्या तपासणीला जोडली आहे. केस स्टडीसाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही.

आता मथळ्यातली गोष्ट. तिथले विद्यार्थी आणि शिक्षक तुम्हालाही विचारतात, आणि खूप बारकाईने विचारतात. आशाताई किती लोकसंख्येमागे असते? दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ती घरी का जाते, कोणकोणत्या दिवशी? बऱ्याच मुली इथे गडबडतात, कारण कम्युनिटी पोस्टिंगमध्ये त्यांनी लॉगबुक भरलेलं असतं, आशाताईबरोबर घरोघर फिरलेल्या नसतात. निघण्याआधी आपल्या उपकेंद्रात जा आणि तिथल्या आशाताईबरोबर चार दिवस फिरा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीच्या भेटीत ती काय बघते ते स्वतः बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी कशी उभी केली, ते वाचून जा. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला.

शिक्षकांसाठी ही योजना पाच दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत आहे आणि शिकवायला गेलात तर आठवड्याला किमान आठ तास शिकवावं लागतं. मी याच विषयावर तास घेतला. आशाताई बाळाचं वजन करते तो झोळीचा वजनकाटा बरोबर नेला होता. एका मुलाने तो हातात धरून विचारलं, काटा हलत असताना आकडा कसा वाचायचा? मग बाहुली झोळीत घालून प्रत्येकाने वजन करून पाहिलं आणि तास लांबला. तुम्ही जाणार असाल तर स्लाइड कमी न्या, आशाताईचं किट न्या.