चेसी नंबरातली पहिली तीन अक्षरं काय सांगतात

जुनी गाडी घेताना आरसीच्या आधी पत्रा वाचा. बोलेरोसारख्या गाडीला चेसी नंबर पुढच्या चाकाजवळ चेसीच्या पट्टीवर ठोकलेला असतो, बाइकला हँडलखालच्या पाइपवर. चिखल-ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मारू नका. घासल्याच्या खुणा दिसल्या की नंबर बदलल्याचा संशय येतो. मग शिसपेन्सिल आडवी धरून नंबरावर घासा, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबा, उचलून कोऱ्या कागदावर लावा. खोदलेली अक्षरं पांढरी उठतात.

मोजा, १७ भरली पाहिजेत. फार जुन्या गाडीत कमी असू शकतात. आय, ओ, क्यू ही अक्षरं यात वापरतच नाहीत. म्हणजे गोल दिसला तो शून्य किंवा डी, आणि नुसती उभी रेघ म्हणजे एक. गोंधळ होतो तो एस-५ आणि बी-८ मध्ये.

पहिली तीन अक्षरं कंपनीची. एम म्हणजे मारुती किंवा महिंद्रा, हा समज चुकीचा. पहिल्या दोन अक्षरांची जोडी एमए ते एमई असेल, तर ती भारताची. एमएल ते एमआर थायलंडची. तिसरं अक्षर जोडलं की कंपनी कळते: एमए१ महिंद्रा, एमए३ मारुती, एमएटी टाटा, एमएएल ह्युंदाई. दुचाकीत एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमबीएल हीरो, एमई३ रॉयल एनफिल्ड. एका कंपनीचे एकाहून जास्त कोडही असतात. मारुतीचाच एमबीएच आहे. तिसऱ्या जागी ९ असेल तर उत्पादक छोटा, त्याची खरी ओळख बारा ते चौदा या जागांवर.

नाशिकमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘एमए१ आहे, म्हणजे सातपूरचीच गाडी.’ तसं नाही. महिंद्राचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे तसा पुण्याजवळच्या चाकणलाही आहे; चाकणची महिंद्राही एमए१ असू शकते. कारखान्याचं अक्षर पुढे, बहुधा अकराव्या जागी येतं.

दहावं अक्षर वर्षाचं धरतात: एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. आपल्याकडे सगळ्याच कंपन्या ही जागा पाळत नाहीत, तेव्हा वर्षासाठी आरसीवरचा उत्पादनाचा महिनाच धरा.

बोनेटवर टाटा आणि पत्र्यावर एमए३ निघालं, तर बयाणा देऊ नका. सगळं जुळलं, तर चिकटपट्टीच्या दोन-तीन प्रिंट जास्त काढून ठेवा; नाशिकच्या पेठ रोडवरच्या आरटीओत ट्रान्सफरच्या फॉर्मवर त्याच चिकटवाव्या लागतात.